कुत्र्यांची बाग

टेमघर, भिवंडी
१७ जानेवारी १९९४

सरला,

मायना दोनदा लिहिला आणि दोनदा खोडला. माझ्याविरुद्धचं पत्र परक्या माणसाच्या हाती देणाऱ्या बहिणीला आशीर्वाद कुठल्या तोंडाने लिहू?

काल शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. सव्वाशे माणूस जमलं होतं. माझं बोलणं अर्ध्यावर आलं तेव्हा प्रभाकर वैद्य उठला. तुला आठवत असेल तो, कोर्टात कारकून आहे, आता आमच्या कॉलनीचा चेअरमन झालाय. त्याने खिशातून एक आंतरदेशीय पत्र काढलं आणि म्हणाला, बाईंच्या सख्ख्या बहिणीचं पत्र आलंय नाशिकहून, तेवढं वाचून दाखवतो. मी पाच हातांवरून अक्षर ओळखलं. तुझं अक्षर मीच वळवलंय.

त्याने सावकाश वाचलं, जबानी वाचतात तसं. "आठ वर्षांपूर्वी माझी सात वर्षांची गोदू तुमच्याच गल्लीतल्या कुत्र्याच्या चाव्याने गेली. त्याच गल्लीतली माणसं आता कुत्र्यांसाठी बाग करतायत हे ऐकून माझ्या घशाखाली घास उतरत नाही." इथपर्यंत मी खाली मान घालून ऐकलं. तुझा अधिकार आहे तो. पण पुढे काय लिहिलंस? "माझ्या बहिणीला मी दोष देत नाही. कुत्रं चावल्याचं मुलीने तिला सांगितलंच नव्हतं. तिला ठाऊक असतं तर तिने गोदूला उचलून दवाखान्यात नेलं असतं."

हे कशाला लिहिलंस? तुझी साक्ष मागितली होती कुणी? बायकांनी डोळ्यांना पदर लावले. एकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला तो झटकून टाकावासा वाटला. प्रभाकर घडी घालत म्हणाला, बाई, तुमचं दुःख आम्ही समजतो, म्हणून तर म्हणतो, हा नाद सोडा. नाद म्हणाला तो.

आणि बाग कसली? हे नाव प्रभाकरचं. केसरीनाथ पाटलांची इथे गोदामामागे वीस गुंठे वरकस जमीन आहे, दगड आणि गवत, दुसरं काही नाही. तिला कुंपण घालायचं. गल्लीतली मोकाट कुत्री धरून आणायची, त्यांना पिसाळण्याची लस टोचायची आणि तिथे मोकळी सोडायची. खायला दोन वेळा तिथेच; दिवसा फाटक उघडं, गल्लीत फिरू द्यायची, रात्री आत बंद. लस टोचलेल्याच्या गळ्यात लाल कापडाची पट्टी. कल्याणहून डॉक्टर अवधूत टिपणीस येतात, गुरांचे डॉक्टर, तरुण आहेत. ते म्हणाले, मारलेल्या कुत्र्याची जागा आठ दिवसांत दुसरं कुत्रं घेतं, आणि ते कुठून आलं, त्याला काय झालंय, कुणाला ठाऊक नसतं. टोचलेली कुत्री गल्लीत राहिली तर ती बाहेरच्याला शिरू देत नाहीत.

हे सुरू मी नाही केलं. निसारभाईंनी केलं. धामणकर नाक्याजवळ यंत्रमागाच्या एका कारखान्यात ते जॉबर आहेत, तीस लूमची दुरुस्ती-देखभाल सांभाळतात. दंगली होऊ नयेत म्हणून नेमलेल्या मोहल्ला कमिटीत आम्ही एकत्र बसलो होतो तेव्हापासूनची ओळख. गेल्या वर्षी शिफ्ट सुटताना त्यांच्या दोन कामगारांना कुत्र्यांनी फोडलं. मला म्हणाले, "मॅडम, कुत्ते से हमारी दुश्मनी नहीं है. मगर आदमी बारा घंटा खड़ा रह के निकलता है, उससे भागा नहीं जाता." माझ्याकडे का आले, विचारशील. कारण इथे सगळे मला गोदूची मावशी म्हणूनच ओळखतात. कुत्र्यांच्या बाजूने मी बोलले तर लोक ऐकतील, असा त्यांचा हिशेब.

आठ वर्षांत तू मला पत्र लिहिलं नाहीस. तेराव्याला एवढंच म्हणालीस, "सुट्टीत तुझ्याकडे ठेवली नसती तर." वाक्य पुरं न करता आत गेलीस. आता लिहिलंस ते प्रभाकरला.

सुमती

२१ फेब्रुवारी १९९४

सरला,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी लिहिते, कारण प्रभाकर तुला त्याच्या बाजूचं लिहीत असणार.

त्याने तुझ्या पत्राच्या झेरॉक्स काढल्या. दुकानातून वाटल्या. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या दप्तरात एक सापडली, तिच्यात भाकरी गुंडाळली होती. गोदूचं नाव आणि वर तेलाचा डाग. तू हे बघायला हवं होतंस. मी ती मुलीच्या हातातून ओढून घेतली आणि पोर घाबरून रडायला लागली. मग तिला जवळ घ्यावं लागलं.

केसरीनाथ पाटील डगमगले. त्यांच्या गोदामाच्या भाडेकरूने सांगितलं, मागे कुत्री आणाल तर मी गाळा सोडतो. मोठा माणूस आहे, गळ्यात साखळी, दारात जीप, पण मला भेटायचं टाळू लागला. शेवटी मी, निसारभाई आणि डॉक्टर त्यांच्या घरी गेलो. ते म्हणाले, बाई, दुसरीकडे कुठे जमतंय का बघा. मी बोलायला तोंड उघडणार एवढ्यात आतून त्यांची आई आली. आक्का म्हणतात तिला सगळे. ऐंशीच्या घरातली बाई, पाठीतून वाकलेली, पण आवाज खणखणीत.

"जमीन कोनाची हाय रं?" तिने विचारलं.

केसरीनाथ म्हणाले, आक्का, तू मध्ये पडू नको.

"सात-बारावर माझा नाव हाय. शेतावर व्हतो तवा कुत्र्यांनीच खला राखला आमचा. आता गोदामं झाली, तं कुत्रा नको झाला व्हय तुमाला? बाय, घाल तू कुंपन."

केसरीनाथ माझ्याकडे बघून कसनुसे हसले. विषय संपला.

कुंपण सगळ्यांनी मिळून घातलं. निसारभाईंनी भंगारात निघालेल्या लूमचे पाइप आणले, ते खांब झाले. जाळी केसरीनाथनी दिली. चार रविवार लागले. लूमवाले, पाटलांकडचे गडी, कॉलनीतल्या तीन बायका आणि मी. माझ्या तळहातांना फोड आले. कॉलनीतले पुरुष गॅलरीत उभे राहून बघत होते आणि त्यांतला एक माझ्याकडेच शिकलेला.

गेल्या गुरुवारी पहिली अकरा कुत्री आत सोडली. हातगाडीवरचा पिंजरा उघडला तरी बाहेर येईनात. एक तांबडी कुत्री आधी उतरली, चार पावलं चालली, थांबली, वळून माणसांकडे बघितलं. दगड येत नाही हे तिला पटायला वेळ लागला. मग पळाली. सरळ त्या टोकापर्यंत आणि परत. तिच्यामागे बाकीची. जाळीला नाकं लावून शाळेतली मुलं उभी होती, ती ओरडायला लागली. अवधूत डॉक्टर हसत होते. आक्का खाटेवर बसून हसत होती. मला इतका संताप आला की मी तिथून निघून घरी आले आणि भांडी घासत बसले, घासलेलीच. कुणावर संताप, ते विचारू नकोस.

सुमती

२ एप्रिल १९९४

सरला,

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानातल्या चौदांपैकी नऊ कुत्री मेलेली सापडली. कुणीतरी जाळीवरून मटणाचे तुकडे टाकले होते. तांबडी कुंपणाशी पडली होती, चारही पाय लाकडासारखे ताठ, तोंडाला फेस. गळ्यात लाल पट्टी. ती पट्टी मी शिवली होती.

कुणी टाकलं, मला माहीत नाही. प्रभाकर शपथ घेऊन सांगतो की तो नव्हे, आणि मला ते खरं वाटतं, त्याच्यात तेवढं धैर्य नाही. पण त्याने हवा तयार केली, आणि त्याच्या हातात कागद तू दिलास. नऊ कुत्र्यांतला तुझा वाटा मी तुझ्या पदरात घालणार आहे. घे.

डॉक्टर खाली बसले आणि एकेकाचे डोळे बघत राहिले. निसारभाईंच्या माणसांनी खड्डा खणला. एकजण म्हणाला, मॅडम, आप घर जाइए, ये देखने की चीज़ नहीं है. मी त्याच्यावर खेकसले. मी हे पाहिलंय. तुझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलंय, असं म्हटलं त्याला.

हे तुला माहीत नाही. गोदू गेल्यावर नाशिकहून परत आले, तेव्हा ऑगस्ट लागला होता. इथे कुत्री मारणारी माणसं आली होती, लाडवात औषध घालून. त्यांना कुठल्या गल्लीत किती कुत्री ते ठाऊक नव्हतं. मी त्यांच्या पुढे चालले. शाळेतून रजा घेऊन, छत्री घेऊन, तीन दिवस. हे बघा, या गाड्याखाली दोन आहेत. या जिन्यात एक व्यालेली आहे. बोट दाखवायचं काम माझं. लोक म्हणाले, बिचारी बाई, भाचीच्या दुःखाने. एकानेही विचारलं नाही की बाई, ते चावणारं कुत्रं यातलं कुठलं.

यातलं कुठलंच नव्हतं. ते मे महिन्यातच नाहीसं झालं होतं. चावल्याच्या तिसऱ्या दिवसानंतर ते गल्लीत दिसलंच नाही.

पिल्लंही मारली त्या वेळी. महिनाभर गल्ली रिकामी होती. दिवाळीपर्यंत नवी कुत्री आली, आधीच्यापेक्षा जास्त.

आता मैदानात पाच उरली आहेत. केसरीनाथनी फाटकाला कुलूप आणलं आणि किल्ली आक्काच्या कनवटीला. मी उद्यापासून पुन्हा पट्ट्या शिवायला घेते. तू वाच अथवा फाडून टाक.

सुमती

११ मे १९९४

सरला,

हे पत्र एकटी असताना वाच. यजमान घरी असतील तर ठेवून दे.

डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. आमची टोचलेली कुत्री मेली आणि त्यांच्या जागी नाक्यावर बाहेरची आली. गेल्या गुरुवारी, पाच तारखेला, शाळेचं निकालाचं काम आटपून मी भाजी घ्यायला धामणकर नाक्यावर गेले. तिथे राहीबाई बसते. दिघाशीची आहे, रोज सकाळी टोपली घेऊन रिक्षाने येते, पन्नाशीची असेल. भेंडी पिशवीत टाकताना तिच्या पायाकडे माझं लक्ष गेलं. घोट्याच्या वर पांढरा लेप होता.

मी विचारलं, हे काय.

"काय न्हाय बाय," ती म्हणाली. "कुत्र्याचा दात लागला सकाली. येवरासा ओरखरा हाय. चुना लावलाय, व्हईल बरा."

कुत्रं कुठलं म्हणून विचारलं. गळ्यात पट्टी होती का? नव्हती. ओळखीचं होतं का? नव्हतं. मी म्हटलं, ऊठ, दवाखान्यात चल. ती हसली. म्हणाली, भाजी वाळून जाईल, आणि पोटात चौदा सुया कोण घेणार, आमच्याकडे सगळे चुनाच लावतात. पुन्हा म्हणाली, येवरासा तर हाय.

सरला, मी तिच्या थोबाडीत मारली.

भर नाक्यावर. रिक्षावाले, भाजीवाले, माझ्या शाळेतल्या मुलांचे आईबाप, सगळ्यांसमोर. पंचवीस वर्षांत वर्गात मी एका मुलावर हात उगारला नाही. ती गालाला हात लावून बघतच राहिली. मी तिचा दंड धरला आणि रिक्षात कोंबली. तिची टोपली शेजारच्या बाईच्या हवाली केली. दवाखान्यात तिने आरडाओरडा केला, मला शिव्या घातल्या, माझ्या हाताला चावायला आली. मी तिला आवळून धरलं आणि पहिली सुई टोचून घेतली. आज सातवी झाली. रोज मी दिघाशीला जाऊन तिला घेऊन येते, नाहीतर ती येणार नाही. माझ्याशी बोलत नाही. पण येते.

आता ऐक.

गोदूने मला सांगितलं होतं.

त्या मे महिन्यातला मंगळवार होता. ती रडत आली नव्हती. लंगडत आली आणि म्हणाली, मावशी, कुत्र्याने पकडलं. पोटरीवर दोन दात. एक नुसता ओरखडा आणि एक मुगाच्या दाण्याएवढं भोक. मी साबणाने धुतलंही नाही. पानाच्या डब्यातला चुना काढला, हळद घातली आणि लावला. तिला झोंबलं तेव्हा फुंकर घातली. ती म्हणाली, इंजेक्शन नको. मी म्हटलं, नाही देत, पण आईला सांगायचं नाही हं. कारण तू मला बोलली असतीस. तू तिला पाठवताना दहादा बजावलं होतंस, उन्हात सोडू नको, रस्त्यावर सोडू नको. मला तुझी बोलणी नको होती. फक्त तेवढ्यासाठी.

तिसऱ्या दिवसापासून कुत्रं दिसेना तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. मी दवाखान्याच्या दारापर्यंत गेलेही. एकटीच. बाहेर रांग होती. जखमेवर खपली धरली होती. मी परत आले.

जुलैत तुझी तार आली. मी पोचले तेव्हा तिला पाण्याचा पेला दाखवला तरी तिचा घसा आवळत होता. तू मला विचारलंस, ताई, तुझ्याकडे असताना काही चावलं होतं का? डॉक्टर उभे होते, यजमान उभे होते. मी म्हटलं, मला काहीच बोलली नाही ती. गोदू खाटेवर होती. तिने माझ्याकडे बघितलं. तिने शब्द पाळला होता, सरला. शेवटपर्यंत तुला सांगितलं नाही. मी सात वर्षांच्या मुलीला गप्प बसायला शिकवलं आणि मग तिच्याच डोक्यावर खोटं ठेवलं.

म्हणून त्या सभेत तुझं ते वाक्य मला सोसलं नाही. तू मला शिव्या लिहिल्या असत्यास तर मी सभेत भांडले असते. तू मला सोडून दिलंस, सव्वाशे माणसांसमोर, आणि ते ज्यावर उभं होतं ते मी तुला दिलेलं खोटं होतं. तीन महिने तुझ्यावर चिडून पत्रं लिहिली. चिडायला दुसरं कुणी सापडत नव्हतं.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. ते ओझं तुझ्यावर टाकणार नाही.

सुमती

९ जुलै १९९४

सरला,

तुझं कार्ड पोचलं. "पत्र मिळालं. मी येणार नाही. यापुढे लिहू नकोस. त्या बाईची चौदाही झाली का, तेवढं कळव." कार्ड उघडंच होतं, पोस्टमनने वाचलं असणार. वाचू दे.

झाली. चौदावी अठरा मेला झाली. त्यानंतरही दर रविवारी मी दिघाशीला गेले. राहीबाईला समोर बसवून तांब्याभर पाणी प्यायला लावलं. सुरुवातीला तिला मी खुळी वाटले. मग मी तिला कारण सांगितलं. ती म्हणाली, "मंग थोबारीत मारलीस ती बरीच केलीस." परवा दोन महिने पूर्ण झाले. धडधाकट आहे. भेंडीचा भाव माझ्यासाठीही कमी करत नाही.

तुला लिहिलं ते मी सभेतही सांगितलं. एकोणतीस मेला, त्याच हॉलमध्ये. प्रभाकरला म्हटलं, ते पत्र पुन्हा वाच. त्याने वाचलं. शेवटच्या वाक्याला मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, हे खोटं आहे, माझ्या बहिणीला मी खोटं सांगितलं होतं, मला ठाऊक होतं आणि मी चुना लावला.  एकदम गलका झाला. कुणी म्हणालं, ही बाई आमच्या मुलांना शिकवते. कुणी म्हणालं, हिला मैदानाच्या कमिटीतून काढा.  प्रभाकरने पत्राची घडी घालून ती माझ्या हातात दिली आणि खाली बसला. मला त्याच्याकडून शिव्यांची अपेक्षा होती. ते घडी घालणं जास्त लागलं.

निसारभाई उठले. म्हणाले, कमिटीतून काढा किंवा ठेवा, पण आधी हे विचारा की या हॉलमध्ये चुना लावलेले किती आहेत. त्यांनी स्वतःचा हात वर केला. त्यांच्या धाकट्या भावाला, गावाला, त्यांच्या आईने मिरची लावली होती. तो वाचला, नशीब. मग एकेक करून हात वर गेले. मी मोजले नाहीत. कॉलनीतल्या बायकांचेही होते.

तरी मला कमिटीतून काढलं. मतं घेतली, रीतसर. बरोबर केलं. माझ्या जागी अवधूत डॉक्टरांना घेतलं. मैदान राहिलं. आता त्यात सव्वीस कुत्री आहेत, सगळी टोचलेली. फाटकावर कुणीतरी पाटी लावलीय, कुत्रं चावल्यास चुना लावू नका, साबणाने धुवा आणि लगेच दवाखान्यात या. अक्षर चांगलं नाही, पण मी दुरुस्त केलेलं नाही. सकाळी शाळेआधी मी तिथे जाते आणि फावड्याने घाण गोळा करते. त्यासाठी कमिटीत असावं लागत नाही. आक्का फाटक उघडून देते. ती मला काही विचारत नाही. एकदाच म्हणाली, बाय, पायात चपला घाल, चिखल हाय.

शाळेत दोन पालकांनी मुलींना दुसऱ्या वर्गात घातलं. हेडमास्तरांनी मला बोलावून विचारलं, खरं आहे का. मी हो म्हटलं. पुढचं काय ते अजून ठरलं नाही.

राग गेला नाही, सरला. तुझ्यावरचा गेला. माझ्यावरचा राहणार आणि मला तो घालवायचाही नाही, तो असला की मी सकाळी उठते.

तू लिहू नकोस म्हणालीस, त्यामुळे हे शेवटचं. कधी इकडे यावंसं वाटलं तर माझ्या घरी यायची गरज नाही. राहीबाई धामणकर नाक्यावर औषधाच्या दुकानासमोर बसते, सकाळी आठ ते अकरा. मी त्या वेळी शाळेत असते.

सुमती